अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे वाचन : एक विचार

गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या अखेरीस मराठीच्या तासाला सरांनी आम्हांला विचारले होते, "अभ्यासक्रमाबाहेरचे सध्या कोण काय वाचत आहे?" एकाने 'कोसला' सांगितली, एकीने 'ययाति'. माझी पाळी आली तेव्हा मी खरे तेच सांगितले, "हॅरी पॉटर, मराठीतला. आणि एक इंग्रजी कादंबरी, पिशाच्चाच्या प्रेमात पडलेल्या मुलीची." सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "का वाचतेस, ते लिहून आण," एवढेच ते म्हणाले.

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर कामाला जातात, आई घरी विड्या वळते. घरात पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्यामुळे कोणते वाचन भारदस्त आणि कोणते हलके, हे मला कोणी शिकवलेलेच नव्हते. आपण हलके वाचतो, हे मला त्या दिवशी वर्गाच्या हसण्यावरून कळले. त्यानंतर वर्षभर मी माझ्या कुवतीप्रमाणे या प्रश्नाचा विचार केला, ग्रंथालयात मिळाली ती पुस्तके वाचली, सरांना शंका विचारून भंडावून सोडले. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा आणलेले उत्तर होय.

आरंभीच एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. 'ययाति' (१९५९) या कादंबरीत बाप आपले वार्धक्य मुलाला देतो आणि त्याचे तारुण्य स्वतः घेतो. याहून अधिक अद्भुत ते काय असणार? त्या कादंबरीत प्रेम आहे, मत्सर आहे, शाप आहे. तरीही 'ययाति'चे नाव ऐकून कोणी हसले नाही. ती पुराणातून आलेली आणि ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवलेली आहे. म्हणजे वर्गाचे हसणे अद्भुताला नव्हते आणि प्रेमालाही नव्हते. तरुण मुलामुलींनी, कोणी न सांगता, निव्वळ आवडीपोटी वाचलेल्या गोष्टीला ते होते. तेव्हा खरा प्रश्न असा की, ही आवड खरोखरच हसण्याजोगी आहे काय?

१. 'अद्भुतरम्य' आणि 'तरुणांसाठी'

मराठी समीक्षेत 'अद्भुतरम्य' हा शब्द फार जुना आणि मोठा सोयीचा आहे. ज्या कथेत रोजच्या जगात न घडणारे काही घडते आणि ते घडावे असे वाचकाला मनापासून वाटत राहते, ती अद्भुतरम्य कथा. नुसते अद्भुत असेल तर भीती वाटते किंवा कुतूहल वाटते. 'रम्य' या भागात वाचकाची इच्छा दडलेली आहे. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांची कपाटे वेगळी असतात. परंतु आपल्या या एका शब्दात दोन्ही मावतात, आणि ते योग्यच आहे असे मला वाटते. मुलगी राजपुत्राची वाट पाहो की मुलगा जादूच्या शाळेच्या पत्राची, दोघांच्याही मनात 'याहून निराळे काही असू शकेल' हीच एक इच्छा असते.

बालवाङ्मय आणि प्रौढ वाङ्मय यांच्या मधल्या वयासाठी निराळी कादंबरी असावी, ही कल्पना मुख्यतः अमेरिकेत रुजली. तेथील ग्रंथपालांच्या संघटनेने १९५७ साली तरुण वाचकांसाठी स्वतंत्र विभाग केला. १९६७ साली 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. तिची लेखिका एस. ई. हिंटन हिने ती शाळेत असतानाच लिहायला घेतली होती आणि पुस्तक निघाले तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आली. तरुणांसाठी काही लिहा, असे एका प्रकाशकाने सुचवल्यावरून त्यांनी ती लिहिली. जे. के. रोलिंग यांचा पहिला हॅरी पॉटर १९९७ चा, आणि स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट' २००५ ची. असा हा थोडक्यात इतिहास आहे. मात्र या वयाच्या वाचकांना अशी पुस्तके हवीशी वाटतात, ही गोष्ट या इतिहासाहून बरीच जुनी आहे. त्यासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याचेही कारण नाही.

२. मराठी कादंबरीचे बालपण

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चा (१८५७) अभ्यास करतो. तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा आहे. म्हणजे आपली कादंबरी जन्मली ती वास्तवाचे बोट धरून. परंतु त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली आणि मराठी कादंबरी एकदम अद्भुताच्या वाटेला लागली. या पठडीतील नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) प्रसिद्ध आहे. त्या काळच्या वाचकांनी अशी पुस्तके आवडीने वाचली. आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी मात्र त्यांची वासलात बहुधा दोन परिच्छेदांत लावली आहे.

रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत अद्भुताकडे वळण्याचे कारण दिले आहे, आणि ते वाचून मी चकित झाले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आपल्या विवाहाच्या रीतीमुळे आणि इतरही काही कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात चित्तवेधक असे गुण नाहीत आणि दोषही नाहीत. रोज अनुभवाला येते तेच लिहिले तर त्यात मनोरंजक काही राहणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते.

हे कारण सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. लग्न आठव्या-दहाव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी लावून दिलेले. त्यात भेट नाही, निवड नाही, नकार नाही. मग प्रेमकथेला जागा कोठे राहणार? ज्या समाजात तरुण माणसाला स्वतःच्या आयुष्यातले काहीच ठरवता येत नाही, तेथे 'मी ठरवले' हे वाक्य केवळ एखाद्या काल्पनिक राज्यातील राजकन्येच्याच तोंडी शोभणार. म्हणजे मराठीतील अद्भुत कादंबरी ही लेखकांची निव्वळ लहर नव्हती. वास्तवात जी जागा मिळत नव्हती, ती तिने कल्पनेत शोधली.

याला उत्तर मिळाले ते हरिभाऊ आपट्यांकडून. १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमूने आपली कहाणी स्वतःच सांगितली. ज्या विवाहाच्या रीतीमुळे आपल्या आयुष्यात सांगण्यासारखे काही नाही असे रिसबुडांना वाटले, नेमक्या त्याच रीतीत केवढी मोठी कहाणी दडलेली आहे, हे हरिभाऊंनी दाखवून दिले. त्यांची थोरवी मी कमी लेखत नाही. परंतु माझ्या मनात एक विचार येतो. 'असे नसते तर काय झाले असते?' हा प्रश्न वाचकांच्या मनात अगोदर कोणी तरी पेरलेला असावा लागतो. तीस वर्षे मुक्तामाला आणि मंजुघोषा वाचलेल्या वाचकांना यमूचे दुःख अधिक लवकर कळले नसेल काय? हे मी सिद्ध करू शकत नाही. अभ्यासकांनी याचा विचार करावा.

३. दोन आक्षेप

अशा वाचनावर सर्वसाधारणपणे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, या पुस्तकांमुळे तरुणांच्या डोक्यात भलत्या कल्पना शिरतात. दुसरा असा की, हे वाचन म्हणजे वास्तवापासून पळ काढणे आहे.

पहिल्या आक्षेपाचे सर्वांत गमतीदार चित्र जेन ऑस्टेन हिच्या 'नॉर्दँगर अॅबी' या कादंबरीत आहे. ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची नायिका कॅथरिन सतरा वर्षांची आहे आणि भयकथा वाचण्याचा तिला भारी नाद आहे. ती एका जनरलच्या जुन्या वाड्यात पाहुणी म्हणून जाते आणि या जनरलने आपल्या पत्नीचा घात केला असावा, असे मनात घेऊन बसते. तसे काहीच घडलेले नसते. तिची फजिती होते, आणि वाचकालाही वाटते की, झाले, कादंबऱ्या वाचण्याचा हा परिणाम! पण ऑस्टेन तेथे थांबत नाही. कॅथरिन श्रीमंत नाही हे कळताच तोच जनरल तिला भल्या सकाळी, सोबतीला कोणी न देता, दूरच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. म्हणजे मुलीचा तर्क चुकला, पण माणूस ओळखण्यात ती चुकली नव्हती. भयकथांनी तिला खोटा पुरावा दिला आणि खरी शंकाही दिली. आमच्या डोक्यात भलत्या कल्पना शिरतात असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही कादंबरी वाचून दाखवावी असे मला फार वाटते.

दुसऱ्या आक्षेपाला जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या परीकथांवरील व्याख्यानात उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, टीकाकार दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतात. रणांगण सोडून पळणारा शिपाई वेगळा आणि तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी वेगळा. कैदी तुरुंगाच्या भिंतींपलीकडच्या गोष्टींचा विचार करीत असेल, तर त्याला पळपुटा कसे म्हणता येईल?

हे उत्तर मला पटले, पण पुरते नाही. कैद्याने बाहेरचे जग आठवावे हे खरे. पण आठवून आठवून त्याचे समाधान झाले आणि तो दार ठोठवायचेच विसरला तर? जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच अडचण पुढे येते. तिने एका गावातील चाळीसएक स्त्रियांना, त्या प्रेमकथांची पुस्तके का वाचतात, हे विचारले. त्यांच्या उत्तरांतून एक गोष्ट दिसून आली. कथेत काय आहे याच्याइतकेच महत्त्व वाचायला बसण्यालाही होते. दिवसभर नवऱ्याचे आणि मुलांचे करणाऱ्या बाईने पुस्तक उघडले की, 'हा वेळ माझा आहे' असे ती न बोलता सांगत असे. परंतु पुस्तक मिटल्यावर घर होते तसेच राहत असे, हेही रॅडवे लपवून ठेवीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

येथवर मी ग्रंथांच्या आधारे लिहिले. यापुढचे मात्र मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही. ते आमच्या घरासमोरच्या कट्ट्यावर मिळाले.

४. विड्या आणि हॅरी पॉटर

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दुपारी आमच्या कट्ट्यावर चार-पाच बायका विड्या वळायला बसतात. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू. पान गुंडाळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. हात आणि डोळे कामात गुंतलेले. कान मात्र मोकळे असतात. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथेच भिंतीला टेकून 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचीत बसले होते. आई म्हणाली, "एकटीच काय वाचतीस? मोठ्यानं वाच की, आमी बी ऐकू."

मी जिन्याखालच्या खोपट्यात झोपणाऱ्या पोरक्या मुलाची गोष्ट वाचू लागले. मला वाटले, जादू आली की या बायका हसतील. पण मावशीच्या घरी राबणारा तो मुलगा त्यांना मुळीच नवा नव्हता. शेजारच्या अक्कांच्या घरी तेलुगू बोलतात. एखादा शब्द कळला नाही तर त्या मला थांबवून दोनदा विचारीत. त्या मुलाला पत्र येते आणि काका ते जाळून टाकतो, तेथे सर्वांनी मिळून त्या काकाला ज्या शिव्या दिल्या, त्या या अंकात छापता येणार नाहीत. दीड महिन्यात पुस्तक संपले. कोणाचेही काम मागे पडले नाही.

पुढे एका पुस्तकात मी वाचले की, क्यूबा देशात विडीसारख्याच सिगारी वळणाऱ्या कामगारांमध्ये १८६५ पासून अशी रीतच आहे. कामगार आपल्या मजुरीतून पैसे काढून एक वाचक ठेवीत. तो उंच जागी बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाची. अलेक्झांडर ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही सुटकेची आणि सूडाची कादंबरी त्यांना इतकी आवडे की, १९३५ साली निघालेल्या एका प्रसिद्ध सिगारीचे नाव त्यावरूनच 'माँटेक्रिस्टो' पडले. हे मी कट्ट्यावर सांगितले तेव्हा अक्का म्हणाल्या, "मग तुला बी पगार द्यावा लागंल की ग!"

या पुस्तकात एका आरशाचा प्रसंग आहे. त्या आरशात पाहणाऱ्याला चेहरा दिसत नाही; मनातली सर्वांत खोल इच्छा दिसते. पोरक्या हॅरीला त्यात आपले मेलेले आईबाप दिसतात, आणि तो रात्रीमागून रात्री तेथे जाऊन बसू लागतो. मी वाचायची थांबले आणि सहज विचारले, "तुम्हांला त्यात काय दिसेल?"

अक्का म्हणाल्या, "मला हजार विड्या पुऱ्या झालेलं सूप दिसंल. आणि त्यातली एक बी कारखान्यात बाद झाली न्हाई!" सगळ्या हसल्या. ज्यांचा मुलगा पुण्याला कामाला आहे त्या मावशी म्हणाल्या, "माझं पोरगं माझ्यासमोर जेवाय बसलेलं." आई काहीच बोलली नाही. मी पुन्हा विचारले तेव्हा दोरा दातांत धरून ती म्हणाली, "मला कुणी कधी इचारलंच न्हाई ग, तुला काय पायजे म्हणून. ध्यानातच येईना."

माझ्या लेखाचा सारा विषय या एका उत्तरात आहे, असे मला वाटते. इच्छा ही प्रत्येकाजवळ आपोआप असते असे आपण धरून चालतो. तसे नाही. ज्याला कधी कोणी विचारले नाही, त्याची इच्छा करण्याची सवयच मोडते. पोट भरावे, पोरे सुखी असावीत, यापुढे मन जाईनासे होते. अद्भुतरम्य कथा नेमके हे काम करते. ती वाचकाला विचारते, "तुला काय हवे?" उत्तर आले नाही तरी प्रश्न मनात राहतो. एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना ही पुस्तके आवडतात याचे कारणही हेच असावे. या वयात प्रथमच आयुष्याचे काही ठरण्याची वेळ येते, आणि आमच्यासारख्या घरांतून ते इतरांनी ठरवण्याचीही हीच वेळ असते.

आणि आक्षेपाचे काय? तेही या प्रकरणातच आहे. शाळेचे मुख्याध्यापक हॅरीला सांगतात की, या आरशापुढे बसून कित्येक माणसे वाया गेली, आणि ते आरसा तेथून हलवतात. मी ते वाचताच आई चटकन म्हणाली, "बरं केलं. न्हाईतर पोरगं तितंच बसून ऱ्हायलं असतं." टीकाकारांचा पळपुटेपणाचा आक्षेप माझ्या अक्षरशत्रू आईने एका वाक्यात मांडला, आणि तो मांडण्याची संधी तिला त्याच पुस्तकाने दिली. चांगली अद्भुतरम्य कादंबरी आपला धोका स्वतःच ओळखून असते, ती अशी.

५. दोन मुलींच्या दोन कथा

याचा अर्थ सर्वच अद्भुतरम्य पुस्तके चांगली असा नव्हे. ज्या पुस्तकामुळे वर्ग हसला त्या 'ट्वायलाइट'विषयी आता लिहिते.

हे पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. माझे इंग्रजी सुधारले ते त्यामुळे, हे उपकार मी विसरत नाही. सतरा वर्षांची बेला पावसाळी, आडवळणाच्या गावात बापाकडे राहायला येते आणि एडवर्डच्या प्रेमात पडते. तो दिसतो सतरा वर्षांचा, पण प्रत्यक्षात शंभरी ओलांडलेला, रक्तावर जगणारा पिशाच्च आहे. पहिल्या वाचनात मी रात्री दोन वाजेपर्यंत जागी होते. दुसऱ्या वाचनात काही गोष्टी खटकू लागल्या. हा एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत बसतो. तिसऱ्या भागात तिने एका मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिची गाडीच बंद पाडून ठेवतो. हे सर्व तिच्या रक्षणासाठी, असे लेखिका सांगते. बेलाला एका नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो. पण शाळा संपताच लग्न होते आणि ते महाविद्यालय राहून जाते. आमच्या गल्लीत 'रक्षणासाठी' मुलींच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवणारे भाऊ आणि काका पुष्कळ आहेत. ते देखणे नाहीत, एवढाच काय तो फरक.

तरीही मला ते पुस्तक आवडले होते, हे मी नाकारणार नाही. कोणाचे तरी सगळे लक्ष आपल्यावर असावे ही इच्छा खोटी नाही. चूक एवढीच की, त्या पुस्तकाने माझी इच्छा जागी केली आणि तिच्या बदल्यात पाळत माझ्या पदरात टाकली.

याच्या उलट उदाहरण अर्सुला ले ग्विन यांच्या 'द टूम्ज ऑफ अतुआन' (१९७१) या कादंबरीचे. टेनार नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी आईबापांपासून दूर नेतात. ती काळोखातील अनाम देवतांची पुजारीण म्हणून जन्मली आहे, असे सर्वांनी ठरवलेले असते. विधीपूर्वक तिचे नाव काढून घेतात आणि तिला 'आर्हा' म्हणू लागतात. त्या नावाचा अर्थ 'गिळली गेलेली'. कुमारवयात येईतो ती आपले नाव विसरून जाते. पुढे गेड नावाचा जादूगार तिच्या भुयारात सापडतो. त्याला तहानेने मरू द्यायचे की पाणी द्यायचे हे तिच्या हातात असते, आणि ती पाणी देते. गेड तिला तिचे खरे नाव परत देतो. दोघे मिळून बाहेर पडतात, पण शेवटी लग्न नाही. मोकळी झालेली टेनार आनंदाने नाचत नाही; ती रडते, घाबरते, गेडवर चिडतेसुद्धा. स्वतःचे स्वतः ठरवणे किती जड असते, हे ले ग्विन यांनी लपवले नाही.

ही गोष्ट मी कट्ट्यावर मराठीत सांगितली. नाव काढून घेण्याच्या विधीपाशी आले तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात नवरीचे नवे नाव लिहितात. तेथे बसलेल्या प्रत्येकीला एक माहेरचे नाव होते आणि एक सासरचे. ज्या बायकांना मी जन्मापासून ओळखते, त्यांची माहेरची नावे मला त्या दुपारी प्रथम कळली. एका मावशींना आपले नाव उच्चारतानाही लाज वाटली. कोणा दूरच्या बेटावरच्या काल्पनिक मुलीची गोष्ट नसती, तर हा विषय आमच्या कट्ट्यावर कधी निघाला असता असे मला वाटत नाही. रोजच्या गोष्टी इतक्या जवळ असतात की त्या दिसत नाहीत. अद्भुत त्यांना थोडे दूर नेऊन ठेवते, आणि मग त्या नजरेत भरतात.

या दोन पुस्तकांवरून मी स्वतःपुरते तीन प्रश्न तयार केले आहेत. अशी कादंबरी वाचून संपली की मी ते स्वतःला विचारते. पहिला : नायिकेला किंवा नायकाला नकार देता येतो काय, आणि दिल्यावर तो मानला जातो काय? दुसरा : जे मिळाले त्याची किंमत लेखकाने दाखवली आहे की लपवली आहे? तिसरा : पुस्तक मिटल्यावर मला माझ्या आसपासचे काही नव्याने दिसले, की फक्त पुस्तकात परत जावेसे वाटले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी दोन्ही असते, आणि त्यालाही माझी हरकत नाही.

६. समारोप

लेख येथे संपायला हवा; पण एक घरगुती प्रसंग सांगितल्याशिवाय तो पुरा होणार नाही. या दिवाळीत आत्या माझ्यासाठी स्थळ घेऊन आल्या होत्या. मुलगा चांगला, घर चांगले, हुंडा नको, लग्न मात्र उन्हाळ्यातच हवे. वडील गप्प होते. मी तोंड वाकडे केलेले पाहून आत्या म्हणाल्या, "कादंबऱ्या वाचून वाचून हिचं डोकं फिरलंय. हिच्या वयात माझ्या मांडीवर दोन लेकरं होती." आई चुलीपाशी होती. तिने मागे वळूनही न पाहता म्हटले, "तिलाच इचारा की, तिला काय पायजे ते."

मी सांगितले, "मला बी.ए. पुरे करायचे आहे." आत्या रागावून गेल्या. स्थळ दुसरीकडे जमले. पुढच्या वर्षी दुसरे येईल, आणि तेव्हा काय होईल ते मला सांगता येत नाही. हे हॅरी पॉटरमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पुस्तकांना इतके श्रेय देणे म्हणजे माझ्या आईचे श्रेय काढून घेणे होय. परंतु विचारण्याजोगा असा एक प्रश्न असतो, हे त्या उन्हाळ्यात आमच्या कट्ट्यावर सर्वांना ठाऊक झाले होते, एवढे मात्र खरे.

माझ्या वर्गबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, आपल्याला आवडलेले पुस्तक लपवून वाचू नका. उघड वाचा, आणि ते का आवडले याची स्वतः झडती घ्या. गुरुजनांना नम्र विनंती अशी की, आमच्या आवडीला हसण्याऐवजी, सरांनी मला विचारले तसे, "का वाचतेस?" असे विचारावे. आणि ग्रंथालयाच्या चालकांना सुचवावेसे वाटते की, तरुणांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे, मूळ मराठी आणि अनुवादित, एक लहानसे कपाट आपल्याकडे असावे. त्यात एक प्रत 'मंजुघोषे'चीही ठेवावी.

सध्या कट्ट्यावर हॅरी पॉटरचा दुसरा भाग चालू आहे. अक्का रोज दुपारी विचारतात, "कुठवर आलो होतो ग?"